हवा सरली का?

सकाळची फेरी. खाटेवरच्या बाईचं काल दुपारी पोटाचं ऑपरेशन झालेलं. नाडी बघून झाली, ताप नाही, पट्टी कोरडी आहे. मग डॉक्टर विचारतात, "हवा सरली का?" बाई पदर तोंडाला लावते आणि सुनेकडे बघते. सून सिस्टरकडे बघते. शेवटी पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उत्तर देते, "कुठं हो सायेब, रातभर पोट फुगूच लालंय तिचं."

परभणी जिल्ह्यात सर्जन म्हणून काम करताना गेली सव्वीस वर्षं मी हा प्रश्न रोज विचारत आलो. लाजेनं मान खाली गेलेली बघितली की प्रश्न हळू आवाजात विचारतो, पण टाळत नाही. तोंडानं पाणी सुरू करायचं का, नाकातली नळी काढायची का, सलाईनच्या अजून किती बाटल्या लावायच्या, घरी कधी सोडायचं, हे सगळं वर्षानुवर्षं याच उत्तरावर ठरत आलं आहे. बाहेर व्हरांड्यात बसलेल्यांना तर हे उत्तर पैशात मोजावं लागतं. पालमहून किंवा जिंतूरहून बायकोला घेऊन आलेला माणूस सोयाबीनची काढणी अर्धी टाकून आलेला असतो. लेकरं शेजारणीच्या भरवशावर असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन फुकट झालं, तरी बुडालेली मजुरी, डब्याची ने-आण आणि व्हरांड्यातली रात्र यांचा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही. दवाखान्यातला एक दिवस वाढला की घरातला एक दिवस मोडतो.

ही पुस्तिका त्या थांबलेल्या दिवसांबद्दल आहे. पोटाचं ऑपरेशन झालं की आतडं का थांबतं आणि ते लवकर चालू व्हावं म्हणून त्याच्या मज्जातंतूंना बाहेरून हात घालता येतो का, एवढाच तिचा विषय. वॉर्डातल्या सिस्टर, परभणीला २०२३ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं आणि खाटेच्या पायथ्याशी बसलेले नातेवाईक अशा तिघांनाही ती वाचता यावी म्हणून मराठीत लिहिली. त्या मुलांचा मला विशेष विचार आहे. परवापर्यंत इथला अवघड रुग्ण नांदेडला नाहीतर औरंगाबादच्या घाटी रुग्णालयात पाठवायचा असाच रिवाज होता. आता शिकणारी पिढी इथल्याच खाटांशेजारी उभी राहून शिकणार आहे. तिनं हा प्रश्न नुसता विचारू नये, तो का विचारतो हेही समजून घ्यावं.

शब्दांचा एक घोळ आधीच सोडवतो. आपल्याकडे 'नस' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सलाईनची सुई येते, म्हणजे रक्तवाहिनी. शाळेच्या पुस्तकात 'चेता' हा शब्द आहे, पण तो शाळेबरोबरच सुटतो. म्हणून मी मज्जातंतू किंवा सरळ नर्व्ह असंच लिहिलं आहे.

नव्या माणसाला आश्चर्य वाटतं ते याचं की आतडं थांबायला आतड्यावरच ऑपरेशन व्हावं लागत नाही. गर्भपिशवी काढली, पित्ताशय काढलं, फुटलेल्या अपेंडिक्ससाठी पोट उघडलं, तरी सगळं आतडं निपचित होतं. आणि ते एकदम जागं होत नाही. लहान आतडं बहुतेक वेळा काही तासांतच चुळबुळायला लागतं. जठराला एक-दोन दिवस लागतात. मोठं आतडं सगळ्यात आळशी, त्याला दोन ते तीन दिवस लागतात. हवा सरण्याची वाट आपण बघतो ती या शेवटच्या आळशी भागाची. त्याच्यासाठी आपण वरच्या दोन जाग्या झालेल्या भागांनाही उपाशी ठेवतो, आणि इथूनच माझी जुन्या रिवाजाशी तक्रार सुरू होते.

आपल्या भाषेनं आतड्याला मन केव्हाच दिलेलं आहे. लेकीची पाठवणी करताना आईचं आतडं तुटतं. निकालाच्या दिवशी पोटात गोळा येतो. पोटचा गोळा म्हणतो ते लेकराला, आणि जीव लावणाऱ्या माणसाला आतड्याचं माणूस. माझ्या आज्जीला शरीरशास्त्र ठाऊक नव्हतं, पण भीती आणि आतडं एकाच दोरीला बांधलेले आहेत हे तिला पक्कं माहीत होतं. या दोरीचं आतड्यातलं टोक प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसायला १९वं शतक उजाडावं लागलं. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंची दोन जाळी पसरलेली आहेत. एक माइसनर या जर्मन शास्त्रज्ञानं १८५७ साली दाखवलं, दुसरं काही वर्षांनी आउअरबाखनं. या जाळ्यांत दहा कोटींहून जास्त मज्जापेशी आहेत. म्हणजे आतड्याला स्वतःची अक्कल आहे. घास कुठं आहे ते ओळखायचं, त्याच्या मागची भिंत आवळायची, पुढची सैल सोडायची, हे ते मेंदूला न विचारता करतं.

हा नियम १८९९ साली लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून मांडला. दोघं नात्यानं मेव्हणे होते, स्टार्लिंगची बहीण बेलिसच्या घरात होती. त्यांना दुसरीही एक गोष्ट दिसली आणि आपल्या विषयासाठी तीच मोलाची. पोट उघडलं की आतडं थांबतं, पण कण्याकडून आतड्याकडे येणारे मज्जातंतू कापले की तेच आतडं पुन्हा हलायला लागतं. आतडं दमून थांबलेलं नसतं. त्याला थांबवलेलं असतं.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे लगेच कळेल. ओळखीच्या वाटेवर गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल घर गाठतात. आतड्याचं रोजचं काम असंच चालतं. पण कासरा गाडीवानाच्या हातात असतोच, आणि तो दचकून जागा झाला की आधी कासरा ओढतो. सुरी लागली की कण्याकडून येणाऱ्या सिंपथेटिक मज्जातंतूंचा कासरा असाच करकचून ओढला जातो. भूल उतरते, दिवस उलटतो, तरी हात सैल होत नाही.

हा पहिला टप्पा झाला. दुसरा त्याहून चिवट असतो. आतड्याच्या स्नायूंच्या थरांमध्ये मॅक्रोफेज नावाच्या राखणदार पेशी बसलेल्या असतात. ऑपरेशनमध्ये आतडं हाताळलं, बाजूला सारलं, ओल्या मॉपखाली दाबून ठेवलं की त्या खवळतात. तीन-चार तासांनी त्यांच्या हाकेवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी स्नायूंमध्ये शिरू लागतात. सूज येते, स्नायू आखडत नाहीत. पहिल्या टप्प्याला तासांचा हिशोब असतो, याला दिवसांचा. म्हणून सर्जनच्या हाताचा हळुवारपणा ही नुसती चांगली सवय नाही. माझ्या मते तो या आजारावरचा पहिला उपचार आहे, आणि तो टेबलावरच करायचा असतो. त्यावर आपण वेदनाशामक म्हणून मॉर्फिन किंवा ट्रामाडोलच्या जातीची औषधं देतो, ती आतड्यातल्याच कुलपांना बसतात आणि त्याला आणखी गुंगवतात. सलाईन गरजेपेक्षा जास्त गेलं तर भिंत पाणी धरते. रक्तातलं पोटॅशियम उतरलं तर उरलीसुरली ताकद जाते. थांबलेल्या पोटाला एकच कारण शोधणारा डॉक्टर म्हणूनच फसतो.

कण्याकडून येणारी दोरी थांबवते, तर चालवणारी कोणती? ती डोक्यातून येते. व्हेगस नर्व्ह, डोक्यातून निघणाऱ्या नर्व्हपैकी दहावी. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ भटकी. मानेतून खाली उतरते, हृदयाला आणि फुप्फुसांना शिवून जठर आणि आतड्यापर्यंत पोचते. तिच्यातले बहुतेक धागे, सुमारे ८० टक्के, खालची बातमी वर नेणारे असतात. हुकूम खाली आणणारे थोडेच. रशियाच्या पावलोव्हनं गळ्यापाशी अन्ननलिका बाहेर काढलेल्या कुत्र्यांना खाऊ घातलं. घास चावला जायचा, गिळला जायचा आणि बाहेर पडायचा, पोटात काहीच जात नसे. तरीही जठरातून पाचकरस वाहू लागे. व्हेगस कापली की तो बंद. चावण्याची, चवीची, वासाची वर्दी डोक्यातून याच वाटेनं पोटाला मिळते. पावलोव्हना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनाच्या कामासाठीच. घंटीचा कुत्रा लोकांच्या लक्षात राहिला, हा राहिला नाही, याची मला हळहळ वाटते.

एवढं कळल्यावर विजेचा विचार कुणाच्याही मनात यावा. हृदयाला पेसमेकर बसतो, मग आतड्याला का नाही? १९६३ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या बिल्गुताय आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच करून पाहिलं. नाकातून जठरात जाणाऱ्या नळीच्या टोकाशी इलेक्ट्रोड लावायचा आणि विजेचे हलके झटके द्यायचे. सुरुवातीला आशा मोठी होती. पुढच्या वर्षांत काही रुग्णांना झटके देऊन आणि काहींना न देता तुलना केली, तेव्हा फरक दिसेना. मला वाटतं, त्यांनी बैलाला टोचलं, पण कासरा अजून ओढलेलाच होता. आणि सगळ्यात उशिरा जागं होणारं मोठं आतडं त्या नळीपासून फार लांब होतं.

पुढची वाट अनपेक्षित बाजूनं उघडली. २००० साली न्यूयॉर्कमध्ये केव्हिन ट्रेसी यांच्या गटानं उंदरांमध्ये दाखवलं की व्हेगस नर्व्हला विजेनं चेतवलं तर शरीरभर भडकलेला दाह शमतो. तोपर्यंत व्हेगस म्हणजे ठोके मंद करणारी आणि रस स्रवायला लावणारी नर्व्ह एवढीच समजूत होती. ती राखणदार पेशींनाही शांत करते हे नवीन होतं. २००५ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या गटानं हाच धागा आतड्यापर्यंत नेला. ऑपरेशनच्या वेळी व्हेगस चेतवली तर स्नायूंमधल्या मॅक्रोफेज कमी खवळतात आणि उंदराचं पोट लवकर चालू होतं. म्हणजे दुसऱ्या, चिवट टप्प्यालाही एक मूठ होती आणि ती मज्जातंतूच्या हातात होती. हा निबंध मी पहिल्यांदा वाचला ती संध्याकाळ मला आठवते. त्या दिवशी वॉर्डात पाचव्या दिवसाचं फुगलेलं पोट घेऊन एक शेतकरी पडून होता. वाचून त्याच्यासाठी काही करता येणार नव्हतं, पण त्याच्या आत काय चाललं आहे ते पहिल्यांदा नीट दिसलं.

माणसाची व्हेगस पोट न उघडता कुठं सापडते? मानेत, जिथं नाडी लागते त्याच्या शेजारी. आणि कानात, पाळीच्या वरच्या खोलगट भागात, जिथं तिची एक फांदी कातडीपर्यंत आलेली असते. डोकेदुखीसाठी मानेवर धरायचं हातातलं यंत्र परदेशात आधीपासून वापरात होतं. तेच इंग्लंडमध्ये लीड्सच्या सर्जननी मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर रुग्णांच्या हातात देऊन पाहिलं. लोकांना ते स्वतः वापरता आलं आणि सुरक्षितही वाटलं. पण वापरता येणं वेगळं आणि गुण येणं वेगळं. छोट्या प्राथमिक चाचणीतून दुसरी गोष्ट सिद्ध होत नसते, आणि ते सर्जनही तसा दावा करत नाहीत.

जास्त आकडे आले ते पायाकडून, आणि इथं वाचक दचकणार हे मला ठाऊक आहे. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या कडेला एक जागा आहे. चिनी वैद्यकात ती पोटासाठी प्रसिद्ध आहे. तिथं आणि आणखी काही ठिकाणी सुया टोचून हलका करंट देण्याची चाचणी हाँगकाँगमध्ये दुर्बिणीनं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या १६५ रुग्णांवर झाली, निष्कर्ष २०१३ साली आले. सुया न लावलेल्यांना पहिल्यांदा शौचाला सरासरी १२२ तास लागले, करंट दिलेल्यांना ८६. चीनमध्ये २४८ रुग्णांवर झालेली चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिथं दुसऱ्या गटालाही खोट्या सुया लावल्या होत्या, म्हणजे कुणाला खरा उपचार मिळतोय हे रुग्णाला कळू नये. खऱ्या गटाला ७६ तास लागले, खोट्या गटाला ९०. यंत्र विकायला आलेला माणूस पहिला आकडा सांगेल. मी दुसरा सांगतो, कारण खोट्या सुईशी तुलना केल्यावर उरलेला अर्धा दिवस जास्त विश्वासाचा आहे. अर्धा दिवस म्हणजे थोडा नव्हे, पण चमत्कारही नव्हे.

नडगीचा आणि आतड्याचा संबंध काय, हे मलाही कोडंच होतं. २०२१ साली हार्वर्डमधल्या च्यूफू मा यांच्या गटानं त्याचा एक धागा उलगडला. उंदराच्या मागच्या पायात हाडाजवळच्या खोल पडद्यांत एका विशिष्ट जातीचे संवेदी मज्जातंतू दाट असतात. हलका करंट त्यांना मिळाला की वर्दी मेंदूपर्यंत जाते आणि व्हेगसच्या वाटेनं दाह कमी करण्याचा निरोप खाली येतो. पोटाच्या भिंतीत ही जात विरळ असते, तिथं टोचून तसं काही घडत नाही. म्हणजे जागा महत्त्वाची आहे आणि त्यामागे तपासता येणारं शरीरशास्त्र आहे. कुठंही टोचलं, कितीही करंट दिला तर चालेल असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

परभणीत काय आहे? फिजिओथेरपीच्या खोल्यांत कंबरदुखीला, गुडघ्याला करंट देणारी छोटी यंत्रं आहेत. लोक म्हणतातही, "करंट घेऊन आलो." थांबलेल्या पोटासाठी ती वापरावीत, असं मी आज सांगणार नाही. मात्रा, जागा, वेळ, कुणाला द्यायचं आणि पेसमेकरवाल्याला कसं वगळायचं हे ठरवून, नोंदी ठेवून, तुलना करून बघितल्याशिवाय सांगू नये. पण इथं हे बघितलं जाऊ शकतं, असं मात्र मी ठासून म्हणतो. आपल्या बाजूचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेडमध्ये जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला जाऊन बसले. विंचू चावलेल्या माणसाच्या शरीरात याच सिंपथेटिक मज्जातंतूंचं वादळ उठतं आणि हृदय त्यात बुडतं, हे त्यांनी खाटेजवळ बसून ओळखलं. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यावर चालते हे दाखवलं आणि ते जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलं. त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. रात्री जागून लिहिलेल्या नोंदी होत्या. मज्जातंतूंचं शास्त्र कोकणातल्या तालुक्याच्या गावी करता आलं, तर गोदाकाठीही करता येईल.

आणि यंत्र येईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. पुस्तिकेची निम्मी पानं मी याच भागाला दिली आहेत, कारण त्याच मज्जातंतूंना हात घालण्याच्या बिनविजेच्या वाटा आपल्या वॉर्डात आजच आहेत.

चावणं ही पहिली. पावलोव्हच्या कुत्र्याचाच हा धडा. २००२ साली जपानमध्ये आसाओ आणि सहकाऱ्यांनी आतड्याच्या ऑपरेशननंतर रुग्णांना च्युइंगम चघळायला दिलं. गट अगदी छोटा होता, दहा जण चघळणारे आणि नऊ न चघळणारे. चघळणाऱ्यांची हवा सरासरी एक दिवस आधी सरली. पुढे मोठ्या चाचण्यांत, जिथं रुग्णाला तसंही लवकर खायला देतात तिथं, हा फायदा फिका पडला. पण सिझर झालेल्या बायकांवरच्या चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा हवा सुमारे सात तास लवकर सरल्याचं दिसलं. आमच्या एका सिस्टरनं मला विचारलं, "सर, बडीशेप चालंल का?" चघळायची कृती तीच आहे, पण बडीशेपेवर चाचणी झाल्याचं मी वाचलेलं नाही, म्हणून तिला तेवढंच सांगितलं. मळलेली तंबाखू किंवा सुपारी मात्र कुणी या सबबीवर तोंडात टाकू नये. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी "डॉक्टरच म्हणाले चघळा" म्हणत गुटखा काढणारे मी पाहिले आहेत, म्हणून लिहावं लागतं. कॉफीचंही तसंच. जर्मनीत हायडेलबर्गला ८० रुग्णांवर बघितलं तेव्हा कॉफी पिणाऱ्यांना शौचाला ६० तास लागले, पाणी पिणाऱ्यांना ७४. आपल्याकडे कॉफी घरात नसते, चहा असतो. चहाची अशी तुलना कुणीतरी आपल्याच वॉर्डात करावी असं मला फार वाटतं. खर्च आधणाएवढा आहे.

कमरेत दिलेली भूल ही दुसरी वाट. सिझरला आपल्याकडे बहुतेक वेळा तीच देतात. कण्यातून दिलेली भूल थांबवणाऱ्या दोरीलाच बधिर करते. मोठ्या ऑपरेशनमध्ये पाठीत बारीक नळी ठेवून हे काम दिवसभर चालू ठेवता येतं आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी लागतात. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात या सगळ्या गोष्टी एकत्र गुंफल्या. आदल्या रात्रीपासूनचा कोरडा उपवास नको, नाकातली नळी सरसकट नको, सलाईन मोजून, दुखणं दुसऱ्या वाटांनी शमवायचं, त्याच दिवशी पाणी, त्याच दिवशी उभं राहणं. जगात अनेक ठिकाणी आज हीच पद्धत रूढ आहे. सिझरनंतर काही तासांत साधं जेवण द्यावं असं तिच्या सूचनांत स्पष्ट आहे.

आपल्याकडे मात्र अजून "हवा सरल्याशिवाय थेंब नाही" हा हुकूम चालतो. माझ्या आईची गर्भपिशवी काढली तेव्हा मी एम. बी. बी. एस.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. दवाखान्याचं नाव इथं नको. चार दिवस तिच्या ओठांवर ओला कापूस फिरवत बसलो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर कुणाच्या तरी डब्यातून ज्वारीच्या कण्यांचा वास आला. आई म्हणाली, "नुसता वास घेऊ दे." मी डबा नाकाशी धरला. थोड्या वेळानं तिचं पोट गुडगुडलं. तेव्हा मला तो योगायोग वाटला. आज मला ठाऊक आहे की वासाची वर्दी कुठल्या वाटेनं खाली जाते. त्या एका वासानंच झालं, असं मी म्हणणार नाही. पण तिचं जठर केव्हाच जागं झालेलं होतं, आणि आम्ही तिला आणखी एक दिवस कोरडं ठेवलं, हे खरं.

खुद्द प्रश्नाबद्दलही थोडं सांगायला हवं. स्टेथोस्कोप पोटावर ठेवून गुडगुड ऐकली म्हणजे आतडं सुरू झालं असं नाही. हवा सरणंही तितकं भरवशाचं नाही, कारण ती कुणी मोजत नाही आणि निम्मी माणसं लाजून खोटं सांगतात. रुग्णाला घट्ट अन्न पचतंय, उलटी नाही आणि शौचाला झाली, ही जोडी जास्त खरी, असं अ‍ॅम्स्टरडॅमच्याच अभ्यासातून पुढे आलं. प्रश्न सोडू नका, पण फक्त त्याच्यावर पेज अडवू नका.

आता धोक्याचं, आणि इथं मी नातेवाइकांशी बोलतो आहे. थांबलेलं पोट वेगळं आणि बिघडलेलं पोट वेगळं. हिरवी उलटी, वाढत जाणारी नाडी, ताप, पोट फळीसारखं कडक, किंवा हवा सरायला लागल्यानंतर पुन्हा फुगलेलं पोट, यातलं काही दिसलं तर करंटचं यंत्र, कॉफी, चघळणं सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना उठवा. आतड्याचा सांधा गळत असेल किंवा पीळ पडला असेल तर मज्जातंतू चेतवून काही होत नाही, वेळ जातो. मावशी, मामा, रात्रीचे तीन वाजले म्हणून थांबू नका.

अजून एक गोष्ट या विषयात बसते की नाही, यावर मी बराच विचार केला. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. गंगाखेड, पालम, सोनपेठकडच्या टोळ्याही दरवर्षी कारखान्यांवर जातात, त्यामुळे ही गोष्ट आमच्यासाठी शेजारघरची नाही, घरचीच आहे. त्या प्रत्येकीचं आतडं दोन-तीन दिवस थांबलं असणार, आणि त्यातल्या कितीतरी जणी टाके सुकतात न सुकतात तोच कोयता हातात घेऊन फडात उतरल्या असणार. पोट लवकर चालू करण्याची विद्या त्या बाईला लवकर फडात ढकलण्यासाठी वापरली गेली, तर ही पुस्तिका मी लिहिली नसती तर बरं झालं असतं. घरी लवकर जाणं म्हणजे कामाला लवकर लागणं नव्हे. सुटीच्या कागदावर विश्रांतीचे आठवडे ठळक लिहा, आणि नवऱ्याला आणि मुकादमाला ऐकू जाईल असे वाचून दाखवा. आणि ऑपरेशन खरंच लागतं का, हा प्रश्न हवा सरली का या प्रश्नाच्या कितीतरी आधी विचारायचा असतो.

पुस्तिकेत पुढे काय आहे ते थोडक्यात सांगतो. आधी आतड्याच्या आणि व्हेगसच्या आकृत्या. मग टेबलावर सर्जननं काय सांभाळायचं ते. मग वॉर्डातली पहिल्या तीन दिवसांची दिनचर्या: किती वाजता पाणी, केव्हा पेज, मुगाचं कढण केव्हा, पहिल्यांदा कुणी आणि कसं उठवायचं. विजेच्या उपचारांचं प्रकरण शेवटी ठेवलं आहे, ते सतत बदलणार आहे म्हणून.

मागच्या पानावर एक तक्ता आहे. ऑपरेशन कधी संपलं, पहिला घोट कधी, पहिली पावलं कधी, पहिलं घट्ट अन्न कधी, हवा कधी, शौचाला कधी. तो प्रत्येक खाटेला लावायचा आणि नातेवाइकांनी तास लिहून भरायचा. शंभर तक्ते भरले की आपल्या वॉर्डाचे स्वतःचे आकडे हातात येतील, आणि उद्या कुणी नडगीवर करंट देऊन बघितलं तर तुलना कशाशी करायची हे ठरलेलं असेल. पहिल्या छपाईत मी एका रकान्यावर 'फ्लॅटस' असा शब्द घातला होता. रात्रपाळीच्या एका ज्येष्ठ सिस्टरनं तक्ता वाचला, पेन काढलं, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'हवा सरली'. म्हणाल्या, "नातेवाईकच भरणार आहेत सर हा, त्यांना वाचता यायला पाहिजे." या आवृत्तीत तो रकाना त्यांच्या शब्दात छापला आहे.